थोरल्या दवाखान्यात रुजू न झालेल्या डॉक्टरीणबाई

आमच्या घरी माळ्यावर एक लाकडी पाळणा आहे. सागवानाचा, बाजूंच्या फळ्यांवर लाखेच्या रंगांत बाळकृष्णाच्या लीला काढलेल्या, आणि नुसता ओल्या फडक्याने पुसून घेतला तरी कालच आणला असे वाटावे इतके ते रंग टिकलेले. हा पाळणा कलघटगीचा. हुबळीहून कारवारकडे जाणारा रस्ता धरला की सपाट काळी जमीन मागे पडून मलनाडाची झाडी सुरू होते, त्या सीमेवर हे गाव लागते. तेथील चित्रगारांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळणे केले. धारवाड-हुबळीकडे बारशाला कलघटगीचा पाळणा ही मोठ्या मानाची गोष्ट. ज्याला विकत घेणे परवडत नसे तो भाड्याने आणी. माझ्या आजीचे माहेर धारवाडचे, म्हणून तो कोल्हापुरात आमच्याकडे आला.

गेल्या श्रावणात माझ्या एका शिष्येच्या मुलीचे बारसे ठरले आणि तिने हक्काने पाळणा मागितला. काढून पाहतो तो एका बाजूचा खांब खिळखिळा झालेला. इकडच्या सुताराच्या हाती द्यायला धीर होईना. शेवटी पाळणा गाडीत घातला आणि कलघटगी गाठली. पाळणे करणारी घरे आता मोजकीच उरली आहेत, तरी काम करून मिळाले. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या कुंपणांवर कळलावी फुललेली होती. लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या, जणू निखाऱ्यावरची ज्योत. म्हणूनच संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. मराठी नाव मात्र बायकांनी दिलेले असावे. आपण नारदाला कळलाव्या म्हणतो तो भांडणाच्या अर्थाने. या वेलीची कळ निराळी, ती बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या हातापायांना हिचे मूळ बांधावे म्हणजे कळा येऊन सुटका होते, ही समजूत सुश्रुताच्या ग्रंथाइतकी जुनी आहे. वेल दिसायला देखणी, पण तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते आणि पोटात गेल्यास माणूस दगावतो.

ही वेल पाहिली की मला माझ्या थोरल्या आत्याची आठवण होते. तिला मी पाहिले नाही. आजीलाही पाहिले नाही. माझे वडील मिसरूड फुटण्याआधीच दरबारच्या गवयांमागे तंबोऱ्यावर बसू लागले, आणि १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले तोवर स्वतः दरबारी नोकरीत लागले होते. माझा जन्म त्यांच्या पन्नाशीनंतरचा. तेव्हा ही हकीकत आजीने माझ्या आईला सांगितलेली आणि आईने मला.

आत्याचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि चौदाव्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. साल १९२८. शारदा कायदा व्हायला अजून एक वर्ष होते. आजीने हौसेने धारवाडला निरोप धाडून कलघटगीचा पाळणा करवून आणला. दोन रात्री मुलगी अडली. सुईणीने कळलावीचे मूळ पायांना बांधले, उगाळून बेंबीभोवती लावले. मूल झाले ते मेलेलेच. मग रीतीप्रमाणे सगळे झाले. खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपांची धुरी दिली, काढा दिला, प्यायला पाणी बेताचे. तिसऱ्या दिवशी ताप भरला, सातव्या दिवशी ती गेली. सुईणबाई वाईट नव्हत्या. आजी शेवटपर्यंत त्यांचे नाव आदराने घेई. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती, की त्या सकाळीच दुसऱ्या एका घरची ज्वर चढलेली बाळंतीण पाहून त्या तशाच हातांनी आमच्याकडे आल्या होत्या. आजी स्वतःही तेव्हा गरोदर होती. पाच महिन्यांनी माझे वडील जन्मले आणि त्यांना त्याच पाळण्यात घातले. आजीने त्यांना कधी पाळणा म्हटला नाही.

आमच्या वाड्यापासून थोरला दवाखाना पायी दहा मिनिटांच्या वाटेवर. तेथे मुलीला न्यावे हे कोणाच्या मनातही आले नाही. बाळंतपणाला दवाखान्यात नेणे म्हणजे आशा सोडणे, असाच समज होता.

त्या थोरल्या दवाखान्याशी एक नाव जोडलेले आहे, जे कोल्हापूरकरांनी जेवढे मिरवायला हवे तेवढे मिरवलेले नाही. ते नाव डॉ. आनंदीबाई जोशी. पुणेकर आणि कल्याणकर त्यांना आपल्या म्हणतात ते योग्यच. पण त्यांच्या आयुष्याचे आरंभाचे एक टोक आणि अखेरचे एक टोक या दोन्ही ठिकाणी आपले गाव उभे आहे. कलघटगीहून परतताना मोकळी गाडी चालवीत मी त्यांच्याचविषयी विचार करीत आलो, आणि तो येथे मांडतो.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणच्या जोश्यांचे. एके काळी संपन्न, नंतर ओढगस्तीला लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, त्यांचे लग्न गोपाळ विनायक जोशी या पोस्टातील कारकुनाशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि डोक्यात एकच वेड की बायकोला शिकवायचे. या वेडाचे आपल्याकडे फार कौतुक झाले. नाटके झाली, १९६८ मध्ये श्री. ज. जोश्यांची कादंबरी आली, २०१९ मध्ये चित्रपटही आला. कौतुक व्हावे असे त्यात पुष्कळ आहे. पण अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली म्हणून लहानग्या पोरीला हाताला येईल त्या लाकडाने मारणे हाही त्या वेडाचाच भाग होता, आणि पुढे परदेशातून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ते स्पष्ट शब्दांत सुनावले आहे. मी गाणे शिकवतो. छडी घेऊन शिकवणारे गुरू मी पाहिले आहेत आणि त्यांचे शिष्य तयार झालेलेही पाहिले आहेत. तरी तयारीचे श्रेय छडीला द्यायला माझे मन कधी तयार झाले नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. त्या काळी ही बातमीच नव्हती. घरोघर पाचवी पुजली जाई आणि बारशापूर्वी पाळणा रिकामा होई. आनंदीबाईंनी ते दुःख दैवावर सोडून दिले नाही, इतकाच फरक. बाईमाणसाला परपुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगता येत नाही, सुईणीला ते कळत नाही आणि वैद्य पडद्याबाहेरून नाडी पाहून जातो; तेव्हा बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली.

गोपाळरावांची बदली कल्याणहून अलिबागला आणि तेथून कोल्हापूरला झाली. कोल्हापुरात त्यांनी आनंदीबाईंना मिशनच्या शाळेत घातले. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी बायको हा त्या काळी लोकांना फुकटचा तमाशा वाटे, आणि आपल्या गावाने त्यांची काही कमी टर उडवली नसेल. कोल्हापुरातूनच गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र घातले की मला अमेरिकेत काही नोकरी मिळेल काय, म्हणजे तेथे बायकोचे शिक्षण करता येईल. कोल्हापूरचे मिशन स्थापणारे वाइल्डरसाहेब तेव्हा अमेरिकेत एक मासिक चालवीत. त्यांनी उलट सल्ला दिला की आधी ख्रिस्ती व्हा, आणि हा सारा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. मनात होते ते तर साधले नाही, पण छापलेला कागद कोठे जाऊन पडेल याचा नेम नसतो. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिऑडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती आला. या अनोळखी मुलीला त्यांनी पत्र लिहिले. एकीने दुसरीला मावशी म्हणावे आणि दोघींनी वर्षानुवर्षे एकमेकींना पत्रे लिहावीत, असे नाते त्यातून जुळले.

पुढे मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत गेल्या. प्रकृती तेव्हापासूनच तोळामासा. डोके दुखे, ताप येई, धाप लागे. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर सभेत आपण अमेरिकेला का जाणार ते सांगितले. वय अठराही पुरे नव्हते. जाईन ती हिंदू म्हणून आणि परत येईन ती हिंदू म्हणूनच, हा त्यातला मुद्दा सर्वांस ठाऊक आहे. त्याच एप्रिलात नवऱ्याला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात, जे १८५० मध्ये निघाले होते, त्यांना प्रवेश मिळाला. प्रमुख होत्या रेचल बॉडली.

या तीन वर्षांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. थंडी, धुरकट शेगडी, शाकाहारी जेवणाचे हाल, हाताने केलेला स्वयंपाक, आणि अंगावर लुगडे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती १८८६ ची गोष्ट. पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थिनीला एक प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय निवडला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत राहून, अमेरिकन परीक्षकांपुढे, त्यांनी आपल्या आयुर्वेदातले गर्भिणीचे, बाळंतिणीचे आणि अर्भकाचे शास्त्र मांडले, आणि त्याबरोबर तेथील पाठ्यग्रंथांचाही आधार घेतला. वीस वर्षांच्या मुलीला हे का करावेसे वाटले असेल? अभिमान तर होताच. पण मला वाटते, ज्या रोग्यांसाठी परत जायचे त्या बायकांच्या घरात काय चालते हे तिला ठाऊक होते. त्यांच्याशी त्यांच्याच काढ्या-लेपांच्या भाषेत बोलता आले पाहिजे, हेही तिला कळले असावे.

तिने ज्या ग्रंथांकडे पाहिले त्यांत काय आहे, हे आज आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आपण एक तर त्यांना हात जोडतो, नाही तर हसतो. चरकाने गरोदर बाईची महिन्यामहिन्याची व्यवस्था सांगितली आहे. पहिल्या महिन्यात नुसते गार दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात दुधाबरोबर मध आणि तूप, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधातली तूप घातलेली पेज, नवव्यात तेलाचा बस्ती. मधुर औषधी म्हणजे शतावरी, विदारी, ज्येष्ठमध यांसारख्या. सुश्रुत सहाव्या महिन्यात गोखरू घालतो. बाळंतिणीला तो पिंपळी, पिंपळमूळ, चित्रक, सुंठ यांचे चूर्ण ऊन गुळाच्या पाण्यातून देतो. आपल्या घरातला बाळंतकाढा आणि सुंठीच्या वड्या याच कुळातल्या. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, जेवणानंतरचा बाळंतशेपा नि ओवा, अळिवाची खीर हे सारे बायकांच्या हातून त्यात भर पडत गेलेले. अळिवात लोह भरपूर असते हे रसायनशाळेने नंतर सांगितले; आपल्या आज्यांना फक्त एवढे कळत होते की खीर खाल्लेल्या बाळंतिणीच्या तोंडावर रंग येतो. शतावरीने दूध वाढते हा घरोघरचा अनुभव, आधुनिक परीक्षेत पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

हे सगळे पोषणाचे झाले. त्यात वाईट काही नाही, चांगले पुष्कळ आहे. पण सुश्रुताच्या त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या आमच्या सुईणींपर्यंत, सासवांपर्यंत, भटजींपर्यंत पोहोचल्या नाहीत.

पहिली अशी, की बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ चार प्रौढ, अनुभवी, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांची नखे कापलेली असावीत. नखे कापलेली. अडीच अक्षरांची ती अट ग्रंथात राहिली आणि मूळ बांधायची रीत तेवढी घरात आली. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने मुडदे चिरून आलेल्या विद्यार्थ्यांना चुन्याच्या क्लोराइडच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. त्याचेही त्याच्या हयातीत कोणी फारसे ऐकले नाही. तेव्हा हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नव्हे. आनंदीबाई शिकत होत्या तो काळ जंतुशास्त्राच्या आणि लिस्टरच्या कार्बोलिकच्या प्रसाराचा. सुश्रुताची कापलेली नखे आणि लिस्टरचे धुतलेले हात, या दोन गोष्टी एकाच डोक्यात ठेवून बाळंतिणीच्या खोलीत शिरू शकेल अशी मराठी बोलणारी बाई तेव्हा जगात एकच होती.

दुसरी गोष्ट त्याहून झोंबणारी. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीच्या ठिकाणी पंचवीस वर्षांच्या आतल्या पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच नाश पावतो. जन्मला तरी फार जगत नाही. जगला तर दुबळा होतो. म्हणून अति बाल स्त्रीच्या ठिकाणी गर्भ राहू देऊ नये. हे सुश्रुत सांगतो, साहेब नव्हे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे बारा वर्षे वय झाले, त्या वेळच्या रणधुमाळीत सुधारकांनी हे वचन पुढे केले. धर्म बुडाला म्हणणाऱ्यांना ते पटले नाही. आमच्या वाड्यात वैद्यकाची पोथी होती, असे आई सांगे. ती दसऱ्याला पूजेत ठेवीत.

आनंदीबाईंनी स्वतः काय म्हटले, असे कोणी विचारील. येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की अमेरिकेत असताना बालविवाहावर निबंध वाचण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी आपल्या रूढीची बाजू घेतली, आणि ऐकणाऱ्या बायका चकित झाल्या. चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या बाईने असे बोलावे याचे आश्चर्य मलाही पूर्वी वाटे. आता तितके वाटत नाही. परक्यांच्या दिवाणखान्यात आपल्या आईची उणी काढायला जीभ उचलत नाही, हे परगावी मैफलीला गेलेल्या कोणालाही कळेल. पण म्हणून त्यांचे ते मत बरोबर ठरत नाही. त्या जगत्या आणि कोल्हापुरात दहा वर्षे बायकांचा विभाग चालवत्या, तर ते मत त्यांनीच बदलले असते, असे मी मानतो. हे केवळ माझे मानणे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोहोचले होते. पंडिता रमाबाई इंग्लंडहून समारंभाला आल्या. विलायतेहून व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. त्याच साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय शिक्षण पुरे करून डॉक्टर झाल्या. म्हणजे बंगाल आणि महाराष्ट्र येथेही बरोबरच. आणि याच सुमारास कोल्हापूरच्या दिवाणांचे बोलावणे फिलाडेल्फियाला पोहोचले: आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून यावे आणि मुलींना वैद्यकही शिकवावे. तोच आपला थोरला दवाखाना, आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. शाहू महाराज तेव्हा अल्पवयीन होते, अधिकार हाती यायला अजून आठ वर्षे होती. तेव्हा ही दूरदृष्टी ज्या कोणा कारभाऱ्यांची असेल त्यांना मानले पाहिजे. ज्या गावात सात-आठ वर्षांपूर्वी ही मुलगी नवऱ्याबरोबर रस्त्याने चालली तर लोक थांबून पाहत, त्याच गावाने तिला सन्मानाने परत बोलावले.

आनंदीबाईंनी होकार कळवला. पण क्षयाने शरीर पोखरलेले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या निघाल्या, बोटीवर आणखी आजारी झाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरल्या. स्वागत मोठे झाले. ज्यांनी समुद्र ओलांडल्याबद्दल नाके मुरडली होती तेही पाहायला आले. हवापालट, डॉक्टर, पुण्यात वैद्याचे औषध, अमेरिकेहून आलेली औषधे, सारे झाले. कोणी म्हणतात अमुक वैद्याने हयगय केली, कोणी म्हणतात साहेब डॉक्टरांनी लक्ष दिले नाही. खरी गोष्ट अशी की क्षयाचा जंतू कोखने १८८२ मध्येच शोधून काढला होता, पण त्याला मारणारे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, यायला १९४३ साल उजाडावे लागले. आयुर्वेदाजवळ उपाय नव्हता आणि फिलाडेल्फियाजवळही नव्हता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवल्या. पुढल्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. कोल्हापुरातल्या किती मुलींना ते ठाऊक आहे, कोण जाणे.

एकाही रोग्यावर स्वतंत्रपणे उपचार न करता डॉक्टर मरण पावली, मग तिचे कर्तृत्व ते काय, असे मला एका विद्वान गृहस्थांनी विचारले होते. मी तेव्हा गप्प बसलो. त्यांना आत्याची गोष्ट सांगायला हवी होती. आनंदीबाई रुजू झाल्या असत्या तर तीस-चाळीस वर्षांत कोल्हापूरच्या सुईणींना नखे कापणे आणि हात धुणे शिकवणारी माणसे याच दवाखान्यातून तयार होऊन पेठापेठांत गेली असती. कोणती मुळी ठेवायची आणि कोणती टाकायची, हे त्यांना सांगणारी बाई दोन्ही ग्रंथ वाचलेली असती; म्हणून तिला ना वैद्य धुडकावू शकला असता ना साहेब. पुढे रखमाबाई १८९४ मध्ये लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, पण त्यांचे काम सुरत-राजकोटकडे झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठिंब्याने डॉ. कृष्णाबाई केळवकर याच थोरल्या दवाखान्यात आल्या आणि त्यांनी बायकांची सेवा केली. १९२८ पर्यंत त्या कामाला वर्षे लोटली होती. तरी आमच्या वाड्यापर्यंत ती दहा मिनिटांची वाट कोणी चालले नाही.

आता काळ पालटला आहे. बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण जडीबुटीचा बाजार संपलेला नाही, फक्त पोटलीची बाटली झाली. बायकांच्या सर्व तक्रारींवर एकच रामबाण, अशी जाहिरात पाहिली की मला अशोकाची साल आठवते. अंगावरून जास्त जाण्यावर अशोकाची साल हे जुने, नावाजलेले औषध. खरा अशोक केशरी फुलांचा, सह्याद्रीच्या रानातला. त्याची साल इतकी ओरबाडली गेली की झाड दुर्मीळ झाले, आणि बाजारात अशोक म्हणून पुष्कळदा बंगल्यांच्या फाटकाशी उभा असणारा उंच आसोपालव विकला जातो. त्याचा या अशोकाशी नावापलीकडे संबंध नाही. माझ्या क्लासातल्या मुली कधी कधी आईला सांगत नाहीत ते पेटी आवरताना बोलून जातात. एकीने सहा महिने असेच काही चूर्ण खाल्ले आणि अखेर डॉक्टरणीकडे गेली तेव्हा रक्त निम्म्यावर आले होते. चूर्ण देणाऱ्याने तिला एकदाही तपासले नव्हते. आधी तपासणी आणि मग औषध, हा क्रम तर चरक-सुश्रुतांनीही कधी सोडलेला नाही.

कलघटगीच्या कारागिराने खांब पक्का केला आणि विचारले की रंग पुन्हा चढवू का. मी नको म्हटले.

बारसे शिष्येच्या माहेरी झाले. तिचे बाळंतपण दवाखान्यात सुखरूप पार पडले होते. आईने अळिवाचे आणि डिंकाचे लाडू दोन डबे भरून केले होते, बाळाला वेखंड-बिब्बा काही लावू नका असे डॉक्टरणीने सांगितले तेही मुकाट्याने ऐकले होते. मुलीला पाळण्यात घातले आणि सगळ्या जणी माझ्याकडे पाहू लागल्या, गवयाच्या घरचा म्हणून. मला ख्याल येतो, ठुमरी येते, नाट्यपदे येतात. पाळणा येत नाही. आमच्या घरी कोणी म्हटलेलाच नाही. शेवटी मुलीच्या पणजीने बसल्या जागेवरून सुरू केला, थोडा उतरलेल्या आवाजात, आणि मी पेटी ओढून तिचा स्वर शोधून धरला.